थोरलीला हात लावू नका

१७ मार्च

उंटाबाई,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की तू वाचणार, एवढी मी तुला ओळखते.

बातमी तुझी आहे म्हणून आधी सांगते. थोरली गाभण आहे. काल डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पडद्यावर काळं डबकं, त्यात पांढरा ठिपका, आणि ठिपक्याच्या आत काहीतरी लुकलुकत होतं. "हे हृदय," डॉक्टर म्हणाले. मोतद्दार काकांनी टोपीच काढली. मी म्हटलं, काका, अजून वाटाण्याएवढं आहे, एवढ्यात मान नको. पण खरं सांगते, चपला मीही काढल्या होत्या. आपला घोडा हवालदार गेला तेव्हा त्याचं गोठवलेलं वीर्य एका घोडीपुरतं उरलं होतं, आणि आता तेही नाही. त्या घोड्याचं जगात जे काही शिल्लक आहे ते सगळं तुझ्या घोडीच्या पोटात आहे.

डिसेंबरपासून आपण तबेल्यात संध्याकाळचे दिवे लावून ठेवत होतो, दिवस मोठा झालाय असं घोड्यांना वाटावं आणि त्या लवकर माजावर याव्यात म्हणून. थोरलीला ते पटलं. माझी धाकटी मात्र ढिम्म. डॉक्टर म्हणतात, तिच्या अंडाशयात एक गाठ ठाण मांडून बसली आहे आणि हार्मोन सोडते आहे, त्यामुळे पोटात काही नसताना तिच्या अंगाला आपण गाभण आहोत असंच वाटतंय. एक इंजेक्शन दिलं की गाठ विरघळते आणि घोडी चार दिवसांत माजावर येते. पण आपले डॉक्टर उद्यापासून गुडघ्याच्या ऑपरेशनला रजेवर. त्यांच्या जागी एक नवी मुलगी येणार आहे.

आणखी एक. तबेल्याच्या दारांवरच्या पाट्या मी बदलल्या. तू माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीस आणि तेव्हापासून शेफारलीस. वयाने दोन वर्षांनी लहान घोडीला थोरली म्हणायचं, का तर ती अंगाने दांडगी, आणि मोठीला धाकटी, का तर ती माझ्यासारखी बुटकी! "घोड्यांत तरी मला थोरली होऊ दे," म्हणालीस, बाबा हसले आणि तीच नावं पडली. आता पुरे झालं. वयाने मोठी ती थोरली, हे सगळ्या जगाला चालतं, आपल्यालाही चालेल. जिभेला मात्र जुनीच सवय आहे. या पत्रातसुद्धा जुनीच नावं लिहून बसले आहे.

राहता राहिलं तुझं रुसणं. त्या घोडेस्वारीच्या शाळेचा तुझ्या नोकरीसाठी फोन आला तेव्हा तू आंघोळीला गेली होतीस. मी उचलला. ती येऊ शकणार नाही, तिची इथे गरज आहे, असं सांगितलं. यात खोटं काय होतं? त्यावर तू त्याच दुपारी बॅग भरलीस आणि नोकरी धरलीस ती धरलीसच. मी काय तुझं घोडं मारलंय?

जाताना म्हणालीस, "घोडी माझी आहे. निदान तिच्या बाबतीत तरी मला विचारत जा." हे बघ, विचारते. गाजरं वाढवू का?

तुझी (वयाने मोठी) ताई

२६ मार्च

उंटाबाई,

इकडे सगळं ठीक आहे. हवा चांगली आहे. आईची खोकल्याची उबळ कमी आहे. मागच्या पागेचं पत्र्याचं दार कुरकुरत होतं, त्याला तेल घातलं.

तेलावरून आठवलं, थोरलीला एक औषध चालू केलं आहे. पिवळसर, तेलकट असतं. रोज सकाळी बिनसुईच्या पिचकारीने तिच्या गालात सोडायचं. पोटातल्या बाळाला आधार म्हणून देतात. पुष्कळ ठिकाणी देतात म्हणे. काळजीचं काहीही नाही, उगाच तुझ्या कानावर असावं म्हणून लिहिलं. थोरली ते औषध ओठ मुरडून घेते, अगदी तू लहानपणी घ्यायचीस तशी.

पाट्या पुन्हा पहिल्यासारख्या लावल्या. सहज.

नवी डॉक्टर बरी आहे. शांत आहे. रोज येते.

गाजरांचं तू काही कळवलं नाहीस.

ताई

९ एप्रिल

बाय,

मागचं पत्र टाकलं आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. आई दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलते. फोन घेऊन मागच्या ओट्यावर जाते, मला दिसतं. मी तिला विचारलं, "तिला सांगितलंस का?" ती म्हणाली, "तुझं तू निस्तर. मी मधे तोंड घालणार नाही." म्हणजे अजून तुला कळलेलं नाही. तेव्हा ऐक. उभी असलीस तर खाली बस.

नव्या डॉक्टरच्या पहिल्याच भेटीला मी तबेल्यात नव्हते. चाऱ्याची गाडी वाटेत बंद पडली म्हणून तिकडे गेले होते. तिचा फोन आला, "ताई, इंजेक्शन कुणाला द्यायचं?" मी रस्त्यावर उभी, बाजूला ड्रायव्हर इंजिनवर ओरडतोय. मी म्हटलं, "धाकटीला द्या. आणि थोरलीला हात लावू नका, ती गाभण आहे."

कळलं ना काय झालं ते?

ती मुलगी निष्काळजी नाही गं. तिने दारावरची पाटी वाचली, 'धाकटी'. तेवढ्यावर विसंबली नाही, कपाटातले दाखले काढून वय ताडून पाहिलं. दोघींतली लहान हीच. सगळं जुळलं. आणि तिने तुझ्या घोडीला इंजेक्शन दिलं.

माझ्या तोंडात जुनी नावं आणि दारावर नवी. तिला कोण सांगणार की या घरात धाकटीला थोरली म्हणतात?

मोतद्दार काका दुसऱ्या घोड्यांना फिरवून आले तेव्हा थोरली घामाने निथळत होती. त्यांनी तिच्या मानेवरून हात फिरवला आणि डॉक्टरला विचारलं, "हिला घाम का फुटला?" ती म्हणाली, "इंजेक्शनने फुटतो थोडा वेळ, धाकटीला त्रास होणार नाही." काका म्हणाले, "बाई, ही थोरली आहे." मी पोचले तेव्हा ती पोरगी चाऱ्याच्या पेटीवर बसून रडत होती, आणि काका तिला पाणी देत होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं ते आजतागायत परत आलेलं नाही.

आता नीट समजून घे, मलाही तीनदा विचारावं लागलं. धाकटीच्या अंडाशयातली जी गाठ आपल्याला नको होती, तशीच गाठ थोरलीला हवी होती. तिच्याच हार्मोनवर गर्भ टिकतो. इंजेक्शनने ती विरघळली. म्हणून त्याच संध्याकाळपासून तो हार्मोन आपण बाहेरून देतोय, तेच ते पिवळं तेल. पोटातली वार तयार होऊन स्वतः काम हाती घेईपर्यंत रोज द्यायचं, एकही दिवस न चुकता. एक दिवस चुकला तर संपलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मी काय तुझं घोडं मारलंय. ते वाक्य आता मला झोपू देत नाही. अजून मारलेलं नाही. पण मारायची पुरती तजवीज केली होती, आणि तीही एका पाटीवर काढलेल्या रागापायी.

शिव्या द्यायच्या असतील तर लिहून पाठव. फोनवर दिल्यास तरी चालतील.

ताई

२८ एप्रिल

बाय,

उत्तर नाही. बरं. पण आता मला उत्तर हवंच आहे, म्हणून हे पत्र साधं न टाकता पोचपावतीने पाठवते आहे.

काल पुन्हा सोनोग्राफी झाली. डॉक्टरने तेच माप तीनदा घेतलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, काका माझ्या तोंडाकडे. शेवटी म्हणाली, हृदय चालू आहे, पण गर्भ असायला हवा त्याहून लहान आहे आणि ठोके मंद वाटतात.

आणि इथेच घोडं पेंड खातं. हे औषध चालू असेपर्यंत घोडीचं अंग गर्भाला धरून ठेवतं. तो जिवंत असो की मेलेला. आत काही वाईट झालं तरी ती बाहेर टाकणार नाही, आणि आपल्याला सोनोग्राफीशिवाय कळणारही नाही. मेलेलं आत राहिलं तर पिशवीत विष होईल, घोडी पुन्हा कधी गाभण राहणार नाही, कदाचित तीच जाईल. औषध आजच थांबवलं तर थोरलीला धोका नाही, पण पोटातलं नक्की जाईल. डॉक्टर म्हणाली, "दोन्ही बाजू मी सांगितल्या. ठरवायचं मालकाने."

मी तोंड उघडलं होतं. खरंच सांगते, 'चालू ठेवा' हे शब्द ओठांवर आले होते. आयुष्यभर मीच ठरवत आले. तुझी शाळा, तुझ्या वेण्या, बाबांच्या मागे हा तबेला. आई दारात उभी होती. एवढंच म्हणाली, "घोडी कुणाची?" मी तोंड मिटलं.

तर विचारते. या खेपेला गाजरांचं नाही. औषध चालू ठेवू की थांबवू? तू म्हणशील ते करीन, आणि नंतर कुरकुर करणार नाही. मला काय वाटतं ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर तू माझ्या उलट ठरवशील, किंवा त्याहून वाईट म्हणजे माझ्यासारखंच ठरवशील. तुझं उत्तर येईपर्यंत औषध देत राहते, कारण थांबवलेलं पुन्हा सुरू करता येत नाही. भीती वाटते गं. रोज सकाळी तिच्या गालात पिचकारी धरताना वाटतं, आपण जिवंत बाळाला जगवतोय की मेलेल्याला कवटाळून बसलोय.

जाता जाता एक गंमत, तुला हसू येईल म्हणून. माझी या महिन्याची पाळी आली नाही. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला चाळिशी उलटल्यावर प्रथमच लाजायला झालं. शेवटी डॉक्टरलाच विचारलं. तिने कपाळावर हात मारला. "ताई, हातमोजे घालता ना?" म्हटलं, होते ते फाटले, आणि इथल्या दुकानात मिळतात ते पुरुषांच्या मापाचे, पिचकारीच हातातून सटकते. ती जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. हे औषध म्हणे बाईच्या कातडीतून आत जातं आणि तिचंही चक्र थांबवतं. म्हणजे गेला महिनाभर मी आणि तुझी घोडी एकाच औषधावर आहोत. तिला शिंगरू तरी होईल.

काका म्हणतात, मी देतो औषध. पण त्यांच्या हाताला कंप आहे आणि निम्मं तेल खाली सांडतं. मी द्यायचं सोडणार नाही. प्लास्टिकच्या पिशव्या बांधते हाताला.

लवकर कळव.

ताई

१६ मे

बाय,

पार्सल पोचलं.

पोस्टमनने खोकं दिलं तेव्हा तुझं अक्षर पाहून मी सही करायचीच विसरले. घाईघाईने फोडलं, चिठ्ठी शोधली. उलटंपालटं केलं, कागदही उलगडून पाहिला. चिठ्ठी नाही. नुसते हातमोजे. खोकं भरून हातमोजे, सगळ्यांत लहान मापाचे.

आई म्हणाली, "काहीच लिहिलं नाही का?" मी म्हटलं, "लिहिलंय की." एवढे हातमोजे कुणी औषध थांबवायला पाठवत नाही.

डॉक्टरला दाखवले. तिने त्यातलाच एक जोड घातला आणि मशीन लावलं. मी या वेळी पडद्याकडे पाहिलंच नाही, थोरलीच्या कपाळावरच्या भोवऱ्याकडे बघत उभी राहिले. डॉक्टर म्हणाली, "ताई, इकडे बघा." पाय दिसत होते. काड्यांसारखे, पण पाय. त्यातला एक हलला. अजून लहानच आहे, पण वाढतंय, आणि ठोके सुधारलेत.

हातमोजे माझ्या हाताला अगदी बसले. माझ्या हाताचं माप तुझ्या लक्षात आहे, हे मला माहीत नव्हतं. मला तुझं माप सांगता आलं नसतं. लाज वाटली.

ताई

११ जुलै

उंटाबाई,

आज औषध बंद केलं. डॉक्टरने रक्त तपासायला पाठवलं होतं, त्यात वारेने काम हाती घेतल्याचं दिसतंय. आता सगळं तिचं तिनेच करायचं आहे.

तुला वाटेल मी सुटले. कसली सुटते! इतके दिवस निदान सकाळी उठून करायला काहीतरी होतं. आज पिचकारी धुवून ठेवली आणि हात रिकामे. दिवसभरात किती वेळा तिची शेपटी उचलून पाहिली असेल ते विचारू नकोस. शेवटी तिने मला लाथ दाखवली. मारली नाही, नुसती दाखवली. काका म्हणाले, "ताई, घरी जा. तिला तुमचा कंटाळा आलाय." मी म्हटलं, माझा कंटाळा येणारी ही पहिली नाही.

माझं चक्र सुरळीत झालंय. आईची निराशा झाली की काय, कळत नाही.

पाळी, पाट्या, तेल, सगळं लिहिते तुला, आणि एक गोष्ट सोडून देते. त्या शाळेच्या फोनबद्दल. तुझी इथे गरज आहे असं मी त्यांना सांगितलं. पण गरज मला होती, आणि ते तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. तू नोकरी घेतलीस ते बरं केलंस. आई सांगते तिथली मुलं तुझ्यामागे रांगेत चालतात म्हणून. ऐकून बरं वाटलं आणि हेवाही वाटला.

ताई

२३ जानेवारी

उंटाबाई!

झालं. मुलगी झाली. दोघी जिवंत आहेत, हे सगळ्यात आधी.

आठवडाभर आम्ही आळीपाळीने रात्री जागलो, कारण घोड्या रात्रीच वितात. पण ही तुझी घोडी. भर दुपारी, मी स्वयंपाकघरात चहाचा पहिला घोट घेत होते तेव्हा काका अंगणातून ओरडले. कप तसाच टाकून धावले. मी पोचेपर्यंत पुढचे दोन पाय बाहेर आले होते आणि त्यांवर टेकलेलं नाक. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

लहान आहे गं, फार लहान. उठायला धडपडली आणि पडली, पुन्हा उठली आणि पुन्हा पडली. तिने आचळ तोंडात धरेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. थोरली शांत उभी होती, मान वळवून तिला हुंगत होती. शेवटी लुचल्याचा चुटुक चुटुक आवाज आला आणि डॉक्टर, काका, मी, तिघांनी एकमेकांकडे न बघता डोळे पुसले. कपाळावर हवालदारासारखाच वाकडा पांढरा पट्टा आहे. पाय मात्र तुझ्यासारखे, कुठे संपतात तेच कळत नाही.

आईला घेऊन आले दाखवायला. तिने शिंगराच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "नाव काय ठेवलंस?"

मी म्हटलं, "मी कोण ठेवणारी?"

नवी पाटी करून घेतली आहे. पांढरी, कोरी. थोरलीच्या दारावर, तिच्या पाटीखाली लावली आहे. घोडी तुझी, शिंगरू तुझं. नाव कळव. सावकाश कळव, पण कळव.

ताई

५ फेब्रुवारी

उंटाबाई,

तुझं कार्ड आज आलं. वर्षभरात तुझे पहिले शब्द, आणि तेही एका ओळीत मावणारे. 'मधली. पाटी मी येऊन लिहीन.'

मी पायरीवर बसून मोठ्याने हसले. आई बाहेर आली, तिला वाटलं मी रडतेय. थोडी रडतही होते. मधली! सगळ्यांत शेवटी जन्मलेलीला मधली! काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे की. थोरली आणि धाकटी यांच्यामध्ये कुणीतरी हवंच होतं." डॉक्टरने मात्र डोकं धरलं. तिने आपल्या वहीत तिघींची चित्रंच काढून ठेवली आहेत, आणि हात लावायच्या आधी ती आता प्रत्येक घोडीचं नाव तीनदा विचारते. परवा धाकटीला तपासलं, माझ्या धाकटीला, बुटकीला. तीही आता माजावर आली आहे. या खेपेला तिच्यासाठी कुठला घोडा निवडायचा ते तू सांग. तुझ्या मनाविरुद्ध असेल तर भांडेन, पण आधी विचारीन.

तू कधी येतेस ते लिहिलं नाहीस. विचारत नाही. रंगाचा डबा उघडून ठेवला तर वाळेल म्हणून झाकण लावलंय, ब्रश मात्र धुवून पाटीखालच्या खिळ्याला टांगलाय. तुझ्या उंचीला टांगलाय. मला स्टूल लागलं.

पाटी कोरीच आहे. येणारे-जाणारे विचारतात. मी सांगते, नाव ठरलंय, लिहिणारी यायची आहे.

ताई